कुंडीतली थोटकं

सकाळी साडेसहालाच थोरलीला निळा गाऊन चढवून खाटेवर बसवलं, एक पांढरी गोळी गिळायला लावली आणि धाकटीनं दम भरला, "आता पाय खाली टेकवायचा नाही, ताई. गोळीनं झापड येते. पडलीस तर माझी नोकरी जाईल, आणि नाक फुटलं तर डॉक्टरांचं काम वाढेल." शेजारच्या दोन नर्सा हसल्या. थोरलीही हसली. हसताना तिच्या ओठांभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं उठलं. त्या जाळ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सत्तावीस वर्षं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या गरम करून कानामागे वाकवायच्या आणि मग आरसा पुढे धरायचा. आरशात गिऱ्हाइकाचा चेहरा असायचाच, पण त्याच्या खांद्यामागे तिचाही असायचा. दिवसातून पन्नास वेळा आरसा समोर येणाऱ्या बाईला वय लपवायचं ते कुणापासून? तरी तिनं मनावर घेतलं नव्हतं. पण मालकाचा मुलगा गादीवर बसला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मावशी, तुम्ही आता आतल्या खोलीत काचा घासायला, काड्या वाकवायला बसा. दर्शनी काउंटरवर जरा ताजे चेहरे हवेत." मावशी! आदल्या दिवसापर्यंत ती ताई होती. आतल्या खोलीला खिडकी नाही, दिवसभर काच कापायच्या यंत्राची घरघर, आणि बोलायला चिटपाखरू नाही. त्या संध्याकाळी ती घरी येऊन ढसाढसा रडली.

धाकटीला ते बघवलं नाही. ती याच दवाखान्यात, चेहऱ्यांच्या शस्त्रक्रियांच्या खोलीत नर्स होती, आणि कर्मचाऱ्यांच्या माणसांना इथं सवलत मिळायची. "तुझा चेहरा मी वर खेचून आणते," ती म्हणाली. "बघू तो दीडशहाणा तुला कुठे बसवतो ते. आणि नाही म्हणू नकोस. नवरा घर सोडून गेल्यावर माझं कोण होतं? तू होतीस म्हणून मी उभी राहिले." थोरली नाही म्हणाली नाही. तिला चेहरा हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण थोरली काही ते सांगणार नाही. ती सिगारेट ओढायची. वडील फुप्फुसानं गेले. शेवटचे आठ महिने त्यांच्या उशाशी तीच बसली, आणि ते गेल्यावर त्यांच्या गादीखाली सापडलेलं अर्धं पाकीट फेकायला म्हणून जिन्यात गेली ती पहिली ओढूनच परत आली. तेव्हापासून रोज चार-पाच. दुकानाच्या मागच्या दाराशी नाहीतर घरी कुणी नसताना गॅलरीत उभं राहून ओढायची, मग काचा पुसायच्या स्पिरिटनं बोटं पुसायची आणि लवंग चघळायची. त्या स्पिरिटच्या वासापुढे दुसरा कुठला वास टिकत नाही. वीस वर्षांत कुणी हटकलं नाही.

धाकटीच्या डोक्यात मात्र वडिलांचा खोकला कायमचा बसला होता. लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच अट घातली होती, घरात धूर चालणार नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मोठा हसरा माणूस. त्यानं लग्नाआधी महिनाभर तळमळून सिगारेट सोडली आणि पुन्हा कधी तिला हात लावला नाही. पुढे थोरली त्यांच्याकडेच मागच्या खोलीत राहायला आली. सात वर्षांपूर्वी एका दुपारी धाकटीनं गॅलरीतल्या कुंडीची माती उकरली आणि तिला तीन थोटकं सापडली.

लिफ्टवाल्यानं शपथा घेतल्या. धाकटीनं ऐकून घेतलं नाही. "ओढलीस म्हणून नाही, तोंडावर खोटं बोलतोस म्हणून जा," असं म्हणत तिनं घर डोक्यावर घेतलं. भांडण दोन महिने चाललं. थोरली रोज ठरवायची की आज सांगते, आणि रोज भाजीच निवडत बसायची. शेवटी तो बॅग घेऊन निघाला तेव्हा दाराशी थोरलीजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "ताई, कुंडीतली माती बदलून टाका." त्याला माहीत होतं. माहीत असून तो गप्प राहिला, आणि थोरलीही गप्प राहिली. आता दुसऱ्या गावी त्याचा नवा संसार आहे, दोन मुलं आहेत. म्हणजे खरं बोलायची वेळ टळून गेली होती, आणि आता बोलून कुणाचं भलं होणार नव्हतं, असं ती स्वतःला समजावायची.

दवाखान्यात नाव नोंदवायच्या दिवशी इथंच घोडं पेंड खायला लागलं. सर्जन लांबसडक बोटांचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं फाइल उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "सिगारेट, तंबाखू?" थोरलीनं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "हिला काय विचारता, डॉक्टर! ते पान काढूनच टाका." आणि तिनं स्वतःच्या हातानं ते पान काढलं. ओढणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी छापलेलं पान होतं, काय करायचं आणि काय नाही ते सगळं त्यावर होतं. ते कागदांच्या गठ्ठ्यात परत गेलं. बाहेरच्या भिंतीवर एक पाटी होती, तेवढीच थोरलीनं वाचली: शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे धूम्रपान पूर्ण बंद.

चार आठवडे तर चार आठवडे, तिनं मनाशी पक्कं केलं. अकरा दिवस कळ काढली. हात थरथरायला लागले, आणि आतल्या खोलीत एका नव्या फ्रेमची काडी वाकवता वाकवता तिच्या हातात तुकडा आला. मालकाचा मुलगा बघत होता. त्या संध्याकाळी ती तीन गल्ल्या ओलांडून अनोळखी औषधवाल्याकडे गेली आणि अंगाला चिकटवायच्या पट्ट्या घेऊन आली, सिगारेट सोडणाऱ्यांच्या असतात त्या. रोज एक दंडाला. हात थांबले, झोप लागली. चार आठवड्यांत तिनं एकदाही धूर आत घेतला नाही, आणि याचा तिला मनातून अभिमान वाटत होता. आज पहाटे पाचला तिनं शेवटची पट्टी सोलून कचऱ्यात टाकली होती.

रक्तदाबाचा पट्टा बांधताना धाकटीनं दंडावरचा लाल चौकोन बघितला. "हे काय गं?"

"खांदा आखडतो. दुखण्याची पट्टी लावली होती."

"मला सांगायचं नाही? वेडाबाई कुठली!" धाकटीनं तो चौकोन अंगठ्यानं हळूच चोळला. आणखी एक खोटं खपून गेलं. थोरलीला हायसं वाटलं.

मग सर्जन आला. त्यानं तिला ताठ बसवलं आणि जांभळ्या पेननं चेहऱ्यावर रेघा ओढल्या. कानापुढून खाली, कानामागून केसांत, हनुवटीखालून आडवी. "इथून कातडी सोडवायची, अशी वर घ्यायची," तो म्हणाला, शिंप्यानं कपड्याबद्दल बोलावं तसं. रेघा आखून झाल्यावर तो हात धुवायला गेला, धाकटी आतली तयारी बघायला गेली, आणि थोरली पडद्यांच्या मधल्या त्या कोपऱ्यात एकटी उरली.

पडद्यापलीकडच्या खाटेवर कुणी पुरुष होता, मानेची लोंबती कातडी आवळून घ्यायला आलेला. भूलतज्ज्ञ बाई त्याला प्रश्न विचारत होत्या.

"सिगारेट?"

"सोडली! महिना झाला," पुरुष ऐटीत म्हणाला. "आता नुसता तो निकोटीनचा गम चघळतो."

"नुसता? म्हणजे चोराला पुढच्या दारानं हाकललंत आणि मागच्या दारानं आत घेतलंत." बाईंचा आवाज मोठा होता, सगळ्या खोलीत ऐकू जाणारा. "तुम्हाला पान दिलं होतं ना? वाचलं नाहीत? अहो, चेहऱ्याची, मानेची कातडी आम्ही खालून सोडवतो. मग ती जगते काठाकडच्या केसाएवढ्या नसांवर. निकोटीन त्याच नसा आवळतं. ते धुरातून येवो, गमातून येवो नाहीतर पट्टीतून येवो, नसांना काय फरक पडतो? रक्त पोचलं नाही की कातडी आधी निळी पडते, मग काळी. कानापुढची सगळ्यात आधी. मेलेली कातडी कापून टाकावी लागते. मग घेऊन बसा आयुष्यभराचा व्रण. आज तुमचं होणार नाही. उठा, कपडे घाला, गम थुंका आणि चार आठवड्यांनी या."

पुरुष कुरकुरला, वाद घातला, पण शेवटी उठला. त्याच्या चपला फटक फटक वाजत दारापर्यंत गेल्या. थोरलीला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. त्याला घरी हाकललं होतं. तिला कोण हाकलणार होतं?

धाकटी जेवताना कामाच्या गोष्टी सांगायची, त्यातली एक थोरलीला आठवली. एका बाईनं ओढणं लपवलं होतं आणि पाचव्या दिवशी तिचा गाल कानापासून तोंडापर्यंत काळा पडला. धाकटी महिनाभर ती जखम धूत होती. "मुलगी आरशात बघू देत नव्हती तिला," असं म्हणून धाकटीनं भाताचा घास खाली ठेवला होता. आता तो गाल थोरलीचा असणार होता, आणि तो धुणारे हात धाकटीचे. अशा गालानं दर्शनी काउंटरवर तर सोडाच, आतल्या खोलीतसुद्धा कुणी बसवून घेणार नाही. तिनं हात वर करून कानापुढची जागा चाचपली. बोटांना जांभळा रंग लागला.

धाकटी परत आली तेव्हा थोरलीनं तिचा हात धरला. "ठकू, मला नको. भीती वाटतेय. घरी जाऊ."

"सगळे असंच म्हणतात," धाकटी हसली. "ज्यानं असं म्हटलं नाही असा पेशंट मी अजून बघितलेला नाही. गोळी अजून चढली नाही वाटतं तुझी."

"खरंच नको गं."

"ताई, डॉक्टरांनी तुझ्यासाठी दुसऱ्या पेशंटची तारीख पुढे ढकललीय. मी वर्षभराच्या रजा तुझ्या उठबशीसाठी साठवल्यात. आता कच खाऊ नकोस."

"मग मला त्या भूलवाल्या बाईंशी दोन मिनिटं बोलू दे. एकटीला."

"काय बोलायचंय? मला सांग, मी सांगते."

झालं. बाई आल्या त्या धाकटीच्या बरोबरच. त्यांनीही दंडावरचा लाल चौकोन बघितला, भुवई उंचावली, आणि थोरलीनं दंड आणखी पुढे केला. आता विचारा, बाई, विचारा. पण धाकटीनं खांद्याच्या दुखण्याचं सगळं पुराण स्वतःच ऐकवलं, दिवसभर काड्या वाकवण्यापासून. बाई मान डोलवून पुढच्या कागदाकडे वळल्या. स्वतःचं खोटं दुसऱ्याच्या तोंडून इतक्या विश्वासानं ऐकायला मिळावं, याहून मोठी शिक्षा कुठल्याही कोर्टानं दिली नसती.

खाट ढकलत आत नेली. आत थंडी होती. वर मोठा दिवा, भोवती चार-पाच माणसं, सगळ्यांचे फक्त डोळे दिसणारे. पायांवरून पट्टा गेला, हात फळीवर बांधला गेला आणि त्यात सुई गेली. झापड येत होती पण झोप येत नव्हती. धाकटी डोक्याशी उभी होती. टोपी आणि मास्कमध्ये ती ओळखू आली नसती, पण तिचा हात कपाळावर पडला तसा थोरलीनं ओळखला.

सर्जनची एक रीत होती. भूल देण्याआधी तो नातेवाइकांना बाहेर काढून पेशंटला शेवटचे तीन प्रश्न स्वतः विचारायचा. नवऱ्यासमोर बायका खोटं बोलतात आणि बायकोसमोर नवरे, हे त्याला वीस वर्षांत पुरतं कळलं होतं. आजही त्यानं खोलीभर नजर फिरवली. बाहेर काढायला कुणी नातेवाईक नव्हता. होत्या त्या सगळ्या कर्मचारी.

"आज काय करायचं आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"चेहरा," थोरली म्हणाली. "वर खेचायचा."

"कुठल्या औषधानं त्रास होतो?"

"नाही."

"सिगारेट, तंबाखू, निकोटीन कुठल्याही रूपात?"

थोरलीनं जीभ टाळूला लावली. एक शब्द, एकच अक्षर. हो म्हटलं की संपलं. पण हो म्हटलं की धाकटी विचारणार, कधीपासून? आणि कधीपासूनचं उत्तर दिलं की सात वर्षांपूर्वीची ती दुपार समोर येऊन उभी राहणार.

"तिला काय विचारता, डॉक्टर!" डोक्याशी धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा तो गमतीचा सूर होता. "आमच्या घरात मी कुंडीतल्या तीन थोटकांपायी नवरा घालवला. ऐकलंय ना सगळ्यांनी?"

ऐकलं होतं. चार-पाच मास्कांमागे हसू उमटलं. ती गोष्ट त्या खोलीत जुनी होती. धाकटी ती नव्या नर्सांना सांगायची, भेदरलेल्या पेशंटांना हसवायला सांगायची. सांगून सांगून तिनं गोष्टीतलं रडू काढून टाकलं होतं. भूलतज्ज्ञ बाईंनी औषधाची पिचकारी उचलली. सर्जन म्हणाला, "चला तर मग."

"ती थोटकं माझी होती," थोरली म्हणाली.

आवाज कुणा तिऱ्हाइताचा वाटावा इतका स्वच्छ आला. बाईंचा हात थांबला. कपाळावरचा हात तिथंच राहिला, पण जड झाला.

"वीस वर्षं ओढते," थोरली म्हणत गेली. आता थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. "चार आठवडे ओढली नाही. पण पट्ट्या लावत होते, निकोटीनच्या. दंडाला. आज पहाटेपर्यंत. खांदा दुखत नाही माझा. मला वाटलं पट्टी चालते. मला पान मिळालं नव्हतं."

सर्जननं आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या डोक्यावरून मागे धाकटीकडे, आणि लगेच नजर खाली वळवली. "आज होणार नाही," तो म्हणाला. "बोललात ते बरं केलंत." त्यानं हातमोजे काढले आणि बाहेर गेला. एकेक करून सगळे गेले. दिवा विझला.

धाकटी मात्र गेली नाही. तिनं हाताचा पट्टा सोडला, सुई काढली, त्या जागी कापूस दाबून धरला. थोरलीला वाटलं होतं की ती ओरडेल, हात झटकेल, निदान रडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. खाट बाहेर त्याच कोपऱ्यात आणली, पडदा ओढला, कापसावर औषध घेतलं आणि चेहऱ्यावरच्या रेघा पुसायला लागली. जांभळा रंग सहजासहजी निघत नाही. ती कानापुढे घासत होती, हलक्या हातानं, कातडी लाल होऊ नये अशा बेतानं.

"त्याला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"तरी बोलला नाही?"

"नाही."

"का?"

"मी गेले असते तर तुझं माहेरचं कोण उरलं असतं, म्हणून असेल," थोरली म्हणाली, आणि आता तिचा बांध फुटला. "ठकू, मी रोज सांगणार होते गं. रोज. मला वाटायचं तू मला हाकलशील."

"हाकललं असतं," धाकटी म्हणाली. "आणि महिनाभरानं घ्यायला आले असते. त्याला घ्यायला मी गेले नाही, कारण तो खोटं बोलतोय असं मला वाटलं."

ती हनुवटीखालची रेघ पुसायला लागली. त्यासाठी तिनं थोरलीची मान दोन बोटांनी वर उचलली, रोज पेशंटांची उचलायची तशी. थोरलीला छताशिवाय काही दिसत नव्हतं. कापसाचे बोळे एकेक करून ताटलीत पडत होते.

मग काउंटरवरची मुलगी फळीला लावलेला कागद घेऊन आली. गोळी घेतलेल्या पेशंटला एकटं सोडायचं नाही, असा दवाखान्याचा नियम होता. कुणीतरी सही करून न्यायला हवं. "तुम्हीच नेणार ना?" मुलीनं विचारलं. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"मीच. दुसरं आहे कोण?" धाकटी म्हणाली.

तिनं कागद घेतला. पेशंटचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. नेणाऱ्याचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यावर पेन टेकवून ती बराच वेळ थांबली, इतका की मुलगी फळीकडे वाकून बघायला लागली. शेवटी तिनं लिहिलं आणि कागद पेशंटच्या सहीसाठी थोरलीपुढे धरला.

नेणाऱ्याचं पेशंटशी नातं, असं तिथं छापलेलं होतं. त्यापुढे धाकटीच्या टापटीप अक्षरात होतं: स्टाफ नर्स.

थोरलीनं त्याखाली सही केली.